जुन्या पुस्तकावरून चित्रकाराचा माग कसा काढावा

जुन्या मराठी पुस्तकाचा लेखक शोधण्यास फारसे कष्ट पडत नाहीत; त्याच पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि आतील चित्रे कोणी काढली हे शोधताना मात्र बहुतेक सूच्या मौन पाळतात. याचे मूळ काही अंशी कायद्यात आहे. १८६७च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यानुसार इलाख्याइलाख्यांतून दर तिमाहीस पुस्तकांची जी यादी प्रसिद्ध होत असे, तिच्यात लेखक, मुद्रक, पृष्ठे, आवृत्तीचा क्रमांक, किंमत, इतकेच नव्हे तर छापलेल्या प्रतींची संख्यादेखील नोंदवावी लागे; चित्रकारासाठी मात्र रकाना नव्हता. त्यामुळे चित्रकाराच्या कामाची यादी करावयाची असेल, तर आरंभ सूचीपासून न करता प्रत्यक्ष प्रतीपासून करावा.

प्रत हाती आली की प्रथम शीर्षकपृष्ठाची मागील बाजू वाचावी. तेथे ‘मुखपृष्ठ’, ‘सजावट’ किंवा ‘आतील चित्रे’ अशा शब्दांपुढे नाव आढळते. ही तीन कामे वेगवेगळ्या हातांनी केलेली असू शकतात, म्हणून ती वेगवेगळीच टिपून घ्यावीत. श्रेय छापलेले नसेल तर चित्राच्या खालच्या कोपऱ्यांत, वस्त्राच्या चुणीत किंवा गवताच्या पात्यांत सही शोधावी. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांची ‘दलाल’ ही सही ओळखण्यास सोपी आहे. पण चित्र कापताना कडा गेली असेल तर सहीही जाते. अशा वेळी केवळ शैलीवरून नाव ठरविण्याचा मोह होतो. तो आवरावा. दलाल काय किंवा रघुवीर मुळगावकर काय, लोकप्रिय चित्रकारांचे अनुकरण त्यांच्या हयातीतच होत असे, आणि नितळ कांती व तेजस्वी डोळे दिसले म्हणून चित्र मुळगावकरांचेच ठरत नाही.

ग्रंथालयातील प्रत येथे अनेकदा दगा देते. पुस्तक टिकावे या सद्हेतूने मूळ वेष्टन काढून टाकून त्यावर जाड पुठ्ठ्याची बांधणी चढविलेली असते; एका कथासंग्रहाच्या मुखपृष्ठासाठी मी तीन ग्रंथालयांत गेलो आणि तिन्ही ठिकाणी मला तपकिरी पुठ्ठाच पाहावयास मिळाला. मूळ मुखपृष्ठ अखेर रद्दीच्या दुकानातील प्रतीवर सापडले. म्हणून खासगी संग्रह आणि जुन्या पुस्तकांचे विक्रेते यांना दुय्यम मानू नये.

यानंतर आवृत्त्यांकडे वळावे. पुस्तकाचे स्वागत कसे झाले याचा बोलका पुरावा म्हणजे दोन आवृत्त्यांमधील अंतर. पण ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ हे शब्द प्रकाशक नेहमीच काटेकोरपणे वापरत नाहीत, त्यामुळे पृष्ठसंख्या आणि प्रस्तावना ताडून पाहाव्यात. वर्ष शकात दिलेले असेल तर त्यात ७८ मिळवावेत, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची तारीख असल्यास ७९. नव्या आवृत्तीचे मुखपृष्ठ दुसऱ्याच चित्रकाराने केलेले असण्याची शक्यता दाट असते. प्रत्येक आवृत्तीची स्वतंत्र नोंद केली नाही, तर एकाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाते. पहिल्या आवृत्तीचे वर्ष निश्चित करण्यासाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उपयोगी पडते. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांचा आहे.

परीक्षणांचा शोध प्रकाशनवर्षापासून पुढील दोन वर्षांच्या नियतकालिकांत घ्यावा. ‘साभार पोच’ हे सदर वगळू नये. त्यात मत नसते, परंतु पुस्तक संपादकाच्या टेबलावर केव्हा पोचले ते कळते. प्रत्यक्ष परीक्षणात चित्रांच्या वाट्याला बहुधा शेवटचे एक वाक्य येते, आणि तेही ‘मुखपृष्ठ आकर्षक आहे’ एवढेच. ते निरुपयोगी वाटले तरी उतरून घ्यावे, कारण परीक्षकासमोर कोणते मुखपृष्ठ होते याचा तो पुरावा ठरू शकतो. चित्रकारांविषयी अधिक माहिती दिवाळी अंकांत मिळते. दलालांनी १९४५मध्ये ‘दीपावली’ हा स्वतःचा अंकच सुरू केला होता. अशा अंकांची अनुक्रमणिका पाहिली की कोणत्या लेखकाच्या कथेला कोणाची चित्रे होती, ही जोडी वर्षानुवर्षे उलगडत जाते, आणि पुढे त्याच कथांचे पुस्तक झाले तेव्हा ती टिकली की तुटली हेही तपासता येते.

नोंद करताना प्रत कोठे व कोणत्या दिवशी पाहिली हे लिहावे, आणि नाव छापील श्रेयावरून, सहीवरून की केवळ तर्काने दिले आहे हे प्रत्येक वेळी सांगावे. सही सापडली नाही तर रकाना रिकामा न ठेवता ‘सही नाही’ असे लिहावे, म्हणजे पुढच्या शोधकाला तोच कोपरा पुन्हा धुंडाळावा लागणार नाही.