जुन्या गाडीचे इंजिन घरी उघडताना या चुका टाळा

शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोअरिंग, वेल्डिंग अशी सगळी कामे हाताशी असल्यामुळे कोल्हापुरात जुनी मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनी घरच्या अंगणात दुरुस्तीला घेणारे हौशी लोक कमी नाहीत. ही हौस मला मनापासून मोलाची वाटते. मात्र अशा अनेक गाड्या अर्धवट उघडून ताडपत्रीखाली पडून राहतात आणि बहुतेक वेळा त्याचे कारण एकच असते : दोष नक्की होण्याआधीच पाना हातात घेतलेला असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे केवळ लक्षण पाहून हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवणे. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साका दिसला की ‘हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधली गॅस्केट) गेले’ असे ठरवून लोक मोकळे होतात. जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत गाडी राजारामपुरीतून महाद्वार रोडपर्यंत एवढीच फिरत असेल, तर इंजिन पुरते तापतच नाही आणि आतली वाफ झाकणाखाली थंड होऊन ऑइलमध्ये मिसळते. म्हणून आधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पाहावी. तिच्यावरचे ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटही कमी होत नसेल, तर झाकण पुसून गाडी हायवेवर अर्धा-पाऊण तास चालवावी आणि पुन्हा तपासावे. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधी असेल, तर मात्र इंजिन सुरूच करू नये, कारण पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंग खाते.

गाडी ‘मिसिंग’ मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेट घेत नसेल, तर प्लग, वायरी आणि पॉइंट तपासून झाल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने मोजावे. इंजिन गरम करावे, सगळे प्लग काढावेत, इग्निशन कॉइलचे कनेक्शन सोडवावे आणि स्टार्टर फिरवताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा. ही शेवटची अट अनेकजण विसरतात आणि चांगल्या सिलिंडरचाही आकडा कमी येतो. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेला आहे; वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये आहे; आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्यांच्यामधले पॅकिंग जळाल्याची शक्यता मोठी. एवढ्या चाचणीने कित्येकदा अख्खे इंजिन उतरवण्याचा खर्च वाचतो.

हेड काढायचेच ठरले, तर इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय बोल्टला हात लावू नये. बोल्ट सैल करताना कडेकडून मध्याकडे यावे आणि बसवताना मध्यापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळावेत; अंदाजाने आवळलेले ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि नवे पॅकिंग थोड्याच दिवसांत पुन्हा जाते. बसवण्यापूर्वी ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांतले ऑइल-पाणी कापसाने किंवा हवेने काढलेच पाहिजे, कारण द्रव दाबला जात नाही आणि बोल्ट आवळताना ब्लॉकलाच तडा जातो. हेड घरी एमरी पेपरने घासून सपाट करण्याचा प्रयत्न करू नये. पोलादी पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून फट पाहावी, आणि ती मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर असेल तर फेसिंगसाठी (यंत्रावर सपाट करून घेण्यासाठी) उद्यमनगर गाठावे. अडकलेल्या स्टडचेही (ब्लॉकमध्ये बसवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टचेही) तेच. तो तुटला आणि काढताना एक्स्ट्रॅक्टरही (तुटका तुकडा काढायचे हत्यार) आत मोडला, तर त्या कडक पोलादात साधे ड्रिल चालत नाही.

पावसाळ्यात उघडा बोअर रातोरात गंज धरतो, म्हणून त्याला ऑइलचा हात फिरवून वर स्वच्छ कापड झाकावे.

कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) तारेने साफ करणे हीही तितकीच जुनी चूक आहे. पितळेचे भोक जरासे मोठे झाले तरी पेट्रोलचे प्रमाण बिघडते. तिथे हवेचा दाबच वापरावा. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि डायफ्राम त्याने फुगतात, मऊ पडतात आणि गळू लागतात, त्यामुळे ते बदलल्याशिवाय कार्ब्युरेटरच्या स्क्रूशी खेळण्यात अर्थ नाही. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत ओल शिरून पाणी तळाशी साचते. ते आधी काढावे.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नये : इंजिन थंड राहिल्याने पेट्रोल जास्त लागते, झीज वाढते आणि तापण्याचे खरे कारण, म्हणजे बोअरवेलच्या जड पाण्याने चोंदलेला रॅडिएटर, तसेच राहते. इंजिनच्या सांध्यांवर गळती रोखणारे सिलिकॉन पातळच लावावे, नाहीतर आत सुटलेले तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात. काढलेले ऑइल गटारात ओतू नये. इथली गटारे शेवटी पंचगंगेला मिळतात.

जोडणी झाल्यावर लगेच इंजिन सुरू करू नये. प्लग काढलेले असतानाच ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवावा, मग प्लग लावून रॅडिएटरचे झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करावे आणि बुडबुडे संपेपर्यंत कूलंट भरत राहावे. झाकण तेव्हाच लावावे. नंतर ते उघडायचे झाले तर इंजिन गार झाल्यावरच.