वाहन तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन : अभ्यासाची आखणी

वाहन उद्योगात जबाबदारीच्या पदावर जायचे असेल, तर तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन हे दोन्ही विषय पहिल्या वर्षापासून बरोबरीने शिकावेत. अभ्यासक्रम निवडताना त्यातील कार्यशाळेचे तास आणि उद्योगातील प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा कालावधी आधी पाहावा. इमारतीची छायाचित्रे नंतर पाहिली तरी चालतील.

इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन यांचा पाया पक्का झाला की सर्वाधिक वेळ दोषनिदानाला द्यावा. उदाहरणार्थ, स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणाऱ्या उपकरणावर, पी०१७१ हा कोड दिसला, तर इंजिनाच्या पहिल्या बाजूच्या सिलिंडरांत (बँक १) हवेच्या मानाने इंधन कमी पडत आहे, एवढेच त्यातून कळते. इनटेकमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातील) हवेची गळती, हवा मोजणारा मळलेला सेन्सर किंवा इंधनाचा कमी दाब यांपैकी नेमके कारण कोणते, हे मोजमाप करूनच ठरवावे लागते. कोड वाचून थेट सेन्सर बदलणारा विद्यार्थी ग्राहकाचे पैसे वाया घालवतो. विजेवरील मोटारींत बॅटरीचा विद्युतदाब बहुधा ४०० किंवा ८०० व्होल्टच्या घरात असल्याने उच्चदाब सुरक्षेचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

व्यवस्थापनात हिशेब, सुट्या भागांचा साठा आणि वॉरंटीचे दावे यांना प्राधान्य द्यावे. एखाद्या कामाला ठरवून दिलेले तास आणि प्रत्यक्ष लागलेले तास यांची तुलना प्रशिक्षणकाळातच स्वतःच्या कामावर करून वहीत नोंदवावी, कारण मुलाखतीत अशा नोंदवहीला गुणपत्रिकेइतकेच वजन असते.