नवा फोन बाजारात येण्याआधी बुक करताय?

बुकिंग दुपारी बारा वाजता उघडणार असेल, तर तयारी आदल्या रात्रीच उरका. अ‍ॅपमध्ये लॉगिन करा, पत्ता आणि पिनकोड तपासा, रंगाची दुसरी पसंतीही ठरवून ठेवा. कार्डाची ऑनलाइन मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून वाढवून घ्या. यूपीआयने भरणार असाल तर दिवसाला साधारण १ लाखाचीच मर्यादा असते. त्याच दिवशी घरभाडंही गेलं असेल तर पेमेंट अडकलंच म्हणून समजा.

टोकन, म्हणजे बुकिंगची आगाऊ रक्कम, भरण्याआधी अटी मात्र सावकाश वाचा. रक्कम किमतीतून वजा होणार का? बुकिंग रद्द केलं तर पैसे खात्यात परत येणार की कूपन हातात पडणार? कूपन असेल तर माझ्या मते तिथे बुकच करू नये. डिलिव्हरीची तारीख दिसते त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे, सांगितलेल्या तारखेनंतर आलेला माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेत्याला सहसा नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत मिळायला हवी. नाहीच दाद लागली, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या ओळखीच्या दुकानात बुक केलंत, तरी मॉडेल, स्टोरेज आणि तारीख लिहिलेली पावती मागाच. ‘आपलाच माणूस आहे’ हे पावतीच्या जागी चालत नाही.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये, म्हणजे ‘बिनव्याजी’ हप्त्यांत, व्याजाइतकी सूट मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच बिलात येतो. प्रोसेसिंग फी वेगळी.

जुना फोन एक्स्चेंजला देणार असाल तर बॅकअप घ्या, पण डिलिव्हरीचा ओटीपी त्याच फोनवर येणार असेल तर नवा हातात पडेपर्यंत त्यातला डेटा पुसू नका. आणि हा ओटीपीच मुंबईत खरी पंचाईत करतो: डिलिव्हरीवाला सोसायटीच्या गेटवर, वॉचमन पार्सल घ्यायला तयार नाही, आणि तुम्ही दादर-ठाण्याच्या मध्ये कुठेतरी लोकलच्या दारात लटकलेले. म्हणून पत्ता ऑफिसचा द्या, नाहीतर घरी जो असेल त्याचा नंबर. सील फोडताना व्हिडिओ काढा, *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी ताडून बघा. स्टेशनबाहेरचं कव्हर फोन हातात आल्यावर, कॅमेऱ्याचं भोक जुळतंय का ते बघूनच घ्या.