गावातल्या बाईला निवडणुकीला उभं करायचंय? आधी तिच्या माहेरी जा

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरी आमच्या बीड-परभणीकडे सोडत (कुठली जागा राखीव ते ठरवणारी चिठ्ठी) निघाली की कुणाची बायको, कुणाची सून अशी शोधाशोध सुरू होते आणि जिचं नाव ठरतं तिला ते सगळ्यात शेवटी कळतं. मी बरीच वर्षं बायकांचे अर्ज भरून देते. "महिलांचा आत्मविश्वास वाढवा" हा सल्ला ऐकला की मला राग येतो. रेशन दुकानदाराला पावती मागणाऱ्या बाईला आत्मविश्वास कुणी शिकवायची गरज नाही. तिचा अर्ज छाननीत टिकला पाहिजे, ते काम आपलं.

उमेदवार बचत गटात सापडते, किंवा ग्रामसभेआधीच्या महिला सभेत. आधी तिलाच विचारा, तिच्या मालकाला नंतर. आणि सर्वसाधारण जागा पुरुषांची नसते. तिथंही बाई उभी राहू शकते, हे गावाला ठणकावून सांगा.

आता खरी अडचण. राखीव प्रवर्गाच्या जागेसाठी बाईचं जात प्रमाणपत्र नवऱ्याच्या कागदांवर निघत नाही, वडिलांकडच्याच कागदांवर निघतं. म्हणजे माहेरच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडून. पुरावा जुना लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ यांच्या आधीचा. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आजोबांचा शाळेचा किंवा महसुली उतारा पुष्कळदा उर्दूत निघतो. त्याचं भाषांतर करून घेण्यात आठवडे जातात, म्हणून सोडतीची वाट बघू नका. सोडतीनंतर हे होत नाही. मी एकदा वाट बघितली होती. केज तालुक्यातली एक ताई होती, माहेर परभणी जिल्ह्यातलं. उतारा मिळाला तेव्हा अर्ज भरायची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. तिची जागा गेली आणि तो दोष माझा होता.

उतारा उशिरा मिळाला तो भावामुळे. बहीण वंशावळ आणि वडिलांची टीसी मागते म्हटल्यावर त्याला वाटलं, ही जमिनीत हिस्सा मागणार. हे मी नंतर कितीतरी घरांत पाहिलं. म्हणून माहेरी फोन करून कागद मागू नका. बाईला घेऊन स्वतः जा, आईला मधे बसवा, कागद कशाला हवेत ते भावजयीसमोरही सांगा. आणि एक गोष्ट कधीच होऊ देऊ नका: कागदांच्या बदल्यात हक्कसोडपत्रावर सही. एका भावाने तसं माझ्यासमोर मागितलं. आम्ही उठून आलो आणि तिच्या चुलत्यांच्या उताऱ्यावर काम केलं. पाच वर्षांच्या पदासाठी जन्माचा हिस्सा सोडायचा नाही.

दुसरा गुंता नावाचा. जात प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं, आधारवर तिसरंच. माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. जुन्या लग्नाचीही नोंद ग्रामसेवकाकडे करता येते. लग्न सोळाव्या वर्षी लावलेलं असेल तर तिथं अडतं. मग वेळ न घालवता राजपत्रात नावबदल करून घ्या.

जात वैधता प्रमाणपत्र (जात प्रमाणपत्र तपासून खरं ठरल्याचा दाखला) नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र चालतं का, हे त्या निवडणुकीच्या सूचनांत वाचा. चालत असलं तरी मुदत विसरू नका. मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर निवडून आलेलं पदही जातं.

अपात्र ठरवणारं बाकीचं सोपं, पण घरात बसून एकदा तपासा. घरपट्टी-नळपट्टीची थकबाकी, शौचालयाचा वापर, १२ सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं अपत्य, आणि १९९५ पासून पुढचा जन्म असेल तर सातवी पास असल्याचा दाखला. सासऱ्याने गायरानात घर बांधलंय का, तेही विचारा. घरच्यांचं सरकारी जागेवरचं अतिक्रमणही सदस्याला अपात्र ठरवतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. विरोधक हेच शोधून काढतात.

घर ऊसतोडीला जाणारं असेल तर बाई दिवाळीनंतर कारखान्यावर असते. तिच्या सह्या लागणारे सगळे कागद कोयता उचलायच्या आधी पूर्ण करा.

प्रचार बायकाच करतात, घरोघर. त्यात मी काही शिकवत नाही.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा असतो, नाहीतर पुढची निवडणूक लढवता येत नाही. पावत्या एका पिशवीत, पिशवी तिच्याच पेटीत.

पहिल्या मासिक सभेला तुम्ही तिच्यासोबत दारापर्यंत जा. मालक सोबत असतील तर त्यांना पारावर चहाला बसवा. ग्रामसेवक सहीसाठी रजिस्टर घरी पाठवू लागला तर तिने एकच वाक्य म्हणावं: "वाचून दाखवा, मग सही करते."