स्थलांतरित पालकांना बाळाच्या दातांविषयी सांगताना या चुका टाळा

परक्या देशात नव्याने रुळणाऱ्या कुटुंबांसाठी दंतआरोग्याची सत्रं होतात, त्यांच्या भाषेत पत्रकं वाटली जातात, तरी दोन-तीन वर्षांच्या मुलांचे पुढचे दात किडतच राहतात. मग ‘हे पालक ऐकतच नाहीत’ असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. बहुतेकदा सल्ला बरोबर असतो, पण त्या घरात तो पाळणं शक्य आहे का, हे कुणी विचारलेलं नसतं.

विचारण्याआधी सांगणं

‘रात्री बाटली देऊ नका’ हे वाक्य सगळ्यात जास्त वाया जातं. एकाच खोलीत चार-पाच जण झोपतात, कुणाला पहाटे कामावर जायचं असतं, बाळ रडलं की शेजारी तक्रार करतात. अशा घरात बाटली ही आईची गरज असते. म्हणून आधी विचारा: बाळ झोपतं कसं? रात्री उठलं तर कोण बघतं? मग कारण सांगा. झोपेत लाळ कमी सुटते, दुधातली साखर दातांवर राहते आणि जंतू तिचं आम्ल करतात. त्यानंतर जमेल असा मार्ग द्या. आधी दूध, मग दात घासणं, नंतर तहान लागलीच तर पाणी. वर्षावरच्या बाळाच्या रात्रीच्या दुधात हळूहळू पाणी वाढवत नेता येतं. वर्षाखालच्या बाळाच्या दुधात मात्र असं पाणी कधीही वाढवू नये, हे त्याच दमात सांगा.

फक्त आईला बोलावणं

बाळाला काय द्यायचं हे अनेक घरांत आजी ठरवते, कधी दुसऱ्या देशातून फोनवरूनसुद्धा. तिला वगळून दिलेला सल्ला घरी पोचल्यावर टिकत नाही. शक्य असेल तर तिलाही सत्राला बोलवा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर घ्या. तिच्या पद्धती सरसकट चुकीच्या ठरवू नका. निरुपद्रवी असेल ते राहू द्या आणि त्याला फ्लोराइडच्या, म्हणजे दात किडण्यापासून जपणाऱ्या खनिजाच्या, पेस्टची जोड द्या. चोखणीला मध किंवा साखर लावण्यासारखं जे खरंच घातक आहे, तेवढंच स्पष्टपणे थांबवायला सांगा.

‘दुधाचे दात पडणारच आहेत’ या म्हणण्यावर वाद घालू नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात, त्या दुखल्या की मूल नीट जेवत नाही, झोपत नाही, आणि लवकर गेल्या तर कायमच्या दातांची जागा बिघडते. एवढं पुरतं. त्याहून परिणामकारक म्हणजे पालकांनाच बाळाचा वरचा ओठ उचलून बघायला लावणं. हिरडीलगतचे पांढुरके पट्टे ही किडीची सुरुवात असते, आणि त्या टप्प्यावर ती थांबवता येते.

मोघम माप

‘थोडीशी पेस्ट’ म्हणजे किती? पहिल्या दातापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. पेस्टमध्ये किमान 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड हवं. घरातली ट्यूब घेऊन यायला सांगा आणि मागचा मजकूर एकत्र वाचा, कारण लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच दात घासून द्यायचे, हेही ठासून सांगा.

दुभाषा म्हणून घरातल्या मोठ्या मुलाला कधीच बसवू नका. आईला जे विचारायचं असतं ते ती त्याच्यासमोर विचारत नाही.

पालक मान डोलावतात, पण घरी काही बदलत नाही

मान डोलावणं हा बऱ्याचदा फक्त आदर असतो. ‘समजलं का?’ याऐवजी ‘घरी हे कसं सांगाल?’ असं विचारा आणि बाहुलीवर करून दाखवायला सांगा. जे चुकेल ते तुम्ही नीट सांगितलं नव्हतं असं समजा आणि पुन्हा वेगळ्या प्रकारे सांगा.

सत्राला येतात, दवाखान्यात येत नाहीत

इथे अडचण बहुधा माहितीची नसते, भीतीची असते. बिल किती होईल, कुठली कागदपत्रं मागतील, आपलं नाव कुणाकडे जाईल? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुमच्या भागातल्या नियमांप्रमाणे आधी खात्री करून घ्या आणि कुणी विचारण्याची वाट न पाहता सांगा. पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हायला हवी, त्यामुळे त्याच बैठकीत वेळ ठरवून द्या आणि पहिल्यांदा कुणीतरी सोबत जाईल असं बघा.