फुकटचे व्हीपीएन आणि आपल्या पत्त्यावरून होणारी परक्यांची ये-जा : तपासणी कशी करावी

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर सामना नसला, तरी फुटबॉल थांबत नाही. रात्री युरोपातल्या लीगचे सामने सुरू होतात आणि एखादा सामना भारतात दिसत नसेल, तर कोणीतरी मित्र फुकटच्या व्हीपीएनचे, म्हणजे आपण दुसऱ्याच ठिकाणाहून इंटरनेट वापरतो असे संकेतस्थळाला भासवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, नाव सुचवतो. माझ्या भाच्याने राजारामपुरीतल्या घरी असेच एक व्हीपीएन लॅपटॉपवर टाकले होते. महिन्याभराने बहिणीने तक्रार केली की काहीही शोधायला गेले की संकेतस्थळ आधी ‘तुम्ही माणूसच आहात ना’ असे विचारते आणि दुचाकी व झेब्रा क्रॉसिंगची चित्रे निवडायला लावते. मी गेलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, घरात कोणीही इंटरनेट वापरत नव्हते, आणि तरीही राउटरचा दिवा एकसारखा लुकलुकत होता. लॅपटॉपवर रिसोर्स मॉनिटर (कोणते सॉफ्टवेअर इंटरनेटवर काय पाठवते ते दाखवणारे विंडोजमधले साधन) उघडून नेटवर्कचा भाग पाहिला, तर व्हीपीएनच्या खिडकीवर ‘डिस्कनेक्टेड’ असे लिहिलेले असताना त्याच सॉफ्टवेअरची एक सेवा कितीतरी अनोळखी पत्त्यांशी बोलत होती.

हा बिघाड नव्हता. त्या सेवेची रचनाच तशी होती, आणि ती समजल्याशिवाय पुढची तपासणी करून उपयोग नाही.

नेहमीच्या व्हीपीएनमध्ये तुमची वाहतूक कूटबद्ध होऊन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाते आणि तिथून पुढे इंटरनेटवर पडते. सर्व्हरला भाडे लागते, बँडविड्थला, म्हणजे डेटा वाहून नेण्याच्या क्षमतेला, पैसे लागतात. पीअर-टू-पीअर पद्धतीत हा खर्च वाचवण्यासाठी सर्व्हरऐवजी इतर वापरकर्त्यांची यंत्रे वापरली जातात : तुम्ही लंडनमधल्या कोणाच्या तरी जोडणीवरून बाहेर पडता आणि त्याच वेळी तिसऱ्याच देशातला कोणीतरी तुमच्या जोडणीवरून बाहेर पडतो. त्याने जे काही केले, त्याची नोंद समोरच्या संकेतस्थळाकडे तुमच्या आयपी पत्त्याने, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकाने, होते. एमएच ०९ची आपली गाडी अनोळखी माणसाला रात्रभर द्यावी आणि चलन मात्र आपल्या नावावर यावे, असा हा व्यवहार आहे. फरक इतकाच की इथे गाडी दिल्याचे मालकाला बहुधा ठाऊकच नसते.

घरगुती आयपी पत्त्याला बाजारात चांगली किंमत असते, कारण डेटा सेंटरमधून आलेली वाहतूक संकेतस्थळे सहज ओळखतात आणि अडवतात, पण घरातून आलेली वाहतूक साध्या ग्राहकाची वाटते. ‘होला’ या इस्रायली सेवेने हेच केले होते. तिच्या फुकट वापरकर्त्यांची बँडविड्थ ‘लुमिनाटी’ या नावाने व्यावसायिक ग्राहकांना विकली जात होती, आणि २०१५ मध्ये एका संकेतस्थळावर या जाळ्यातून हल्ला झाल्याचा आरोप त्याच्या चालकाने केल्यावर ही गोष्ट सर्वांसमोर आली. त्याच सुमारास सुरक्षा संशोधकांनी त्या सॉफ्टवेअरमधल्या गंभीर त्रुटीही दाखवल्या. लुमिनाटीचे नाव २०२१ मध्ये ‘ब्राइट डेटा’ असे झाले.

होलाच्या अटींमध्ये निदान काहीतरी लिहिलेले तरी होते. ‘९११ एस५’ या जाळ्याने तेवढेही केले नाही. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, पॅलाडिनव्हीपीएन, प्रॉक्सीगेट, शील्डव्हीपीएन आणि शाइनव्हीपीएन या फुकट सॉफ्टवेअरमधून लोकांच्या संगणकांत चोरदरवाजा बसवून त्यांचे पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने हे जाळे मोडल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यात सुमारे १ कोटी ९० लाख आयपी पत्ते गुंतलेले असल्याचे सांगितले गेले. आर्थिक फसवणुकीपासून बॉम्बच्या धमक्यांपर्यंत सर्व प्रकारची कृत्ये या पत्त्यांवरून झाली होती. यांपैकी एखादे नाव तुमच्या जुन्या संगणकावर दिसले, तर पुढचे वाचत न बसता आधी इंटरनेट बंद करा.

तपासणीची सुरुवात अटींपासून करावी, आणि सगळ्या अटी वाचण्याची गरज नाही. अ‍ॅपच्या संकेतस्थळावरचे गोपनीयता धोरण उघडून त्यात ‘पीअर’, ‘आयडल’, ‘बँडविड्थ’, ‘रेसिडेन्शियल’ आणि ‘प्रॉक्सी’ हे इंग्रजी शब्द शोधा. तुमचे यंत्र रिकामे असताना त्याची साधने वापरली जातील, अशा अर्थाचे एखादे वाक्य सापडले, तर निर्णय तिथेच घ्यावा. काहीच सापडले नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये, कारण प्रामाणिकपणे लिहिणारे थोडेच असतात. ‘तुमचा उरलेला डेटा विका आणि डॉलर मिळवा’ असे सांगणारी अ‍ॅप्सही याच जातीची आहेत, फक्त ती चार पैसे हातावर ठेवतात.

विंडोजवर सर्व कार्यक्रम बंद करून, व्हीपीएनही बंद करून, स्टार्ट मेनूतून रिसोर्स मॉनिटर उघडा आणि नेटवर्क या भागात दहा मिनिटे लक्ष ठेवा. बाहेर पाठवलेल्या बाइट्सच्या रकान्यात विंडोजच्या अद्ययावतीकरणासारख्या ओळखीच्या नावांव्यतिरिक्त कोणती सेवा सतत काम करते, ते पाहायचे आहे. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये अ‍ॅपनिहाय डेटा वापर दिसतो. त्यात पार्श्वभूमीत वापरलेल्या डेटाचा आकडा वेगळा दिलेला असतो आणि महिन्यातून दोनदा उघडलेल्या अ‍ॅपने पार्श्वभूमीत काही जीबी खर्च केले असतील, तर आणखी पुराव्याची गरज नाही. मोबाइल कंपनीचा रोजचा डेटा दुपारीच संपणे, हेही त्याचेच लक्षण असू शकते. ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स (त्याला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) लोक विसरतात, म्हणून तीही एकेक करून तपासा.

काढून टाकण्याआधी एक काम करावे, जे मी स्वतः त्या रात्री घाईत विसरलो : स्क्रीनचे, अ‍ॅपच्या नावाचे, आवृत्तीचे आणि अटींचे फोटो काढून ठेवावेत. उद्या पोलिसांकडून विचारणा झाली, तर अमुक वेळी अमुक पत्ता कोणाकडे होता याचे उत्तर इंटरनेट कंपनीच्या नोंदींत तुमच्या नावाने असेल, आणि यंत्र फॉरमॅट करून बसलेल्या माणसाला आपली बाजू मांडणे अवघड जाते. त्यानंतर अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करा, सर्व्हिसेसच्या यादीत आणि स्टार्टअपमध्ये त्या नावाचे काही उरले आहे का ते पाहा, कारण मुख्य सॉफ्टवेअर गेले तरी अशी सेवा मागे राहू शकते. फोनवर व्हीपीएनच्या सेटिंग्जमधली जुनी जोडणी हटवा. शेवटी, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला. संकेतस्थळाशी होणारे बोलणे कूटबद्ध करणाऱ्या एचटीटीपीएसमुळे मधल्या माणसाला पासवर्ड सहसा दिसत नाही, हे खरे. परंतु ज्या सॉफ्टवेअरला यंत्रावर प्रशासकाचे अधिकार दिले होते, ते मधले नसून आतलेच असते.

शिवाजी उद्यमनगरातल्या कारखानदारांनी यापुढचा धोका विशेष लक्षात घ्यावा. परक्याची वाहतूक तुमच्या संगणकावरून बाहेर जाते, याचा अर्थ तो परका तुमच्या राउटरच्या आतल्या बाजूला उभा आहे. प्रॉक्सीचे, म्हणजे परक्याची वाहतूक पुढे पाठवणारे, सॉफ्टवेअर निष्काळजीपणे लिहिलेले असेल, तर तिथून सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, टॅलीचा संगणक आणि राउटरचे पान यांच्यापर्यंतही पोहोचता येते. डीव्हीआरला कंपनीने दिलेला मूळ पासवर्डच ठेवण्याची आपल्याकडची पद्धत पाहता हे मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते. पाहुण्यांच्या आणि मुलांच्या यंत्रांसाठी राउटरवर गेस्ट नेटवर्क वेगळे करून द्यावे.

खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पोलिसांची नोटीस आली असेल, तर यंत्राला हात न लावता वकिलांना भेटावे.

व्हीपीएनची खरोखर गरज कोणाला आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता, असे आता म्हणता येईल. मध्यवर्ती बसस्थानकावर बसून बँकेचे काम करायचे असेल, तर फुकटच्या वायफायऐवजी मोबाइल डेटा वापरणे पुरेसे आहे. ज्यांना गरज आहे, त्यांनी पैसे देऊन अशी सेवा घ्यावी, जिने बाहेरच्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी करून घेतली आहे आणि तिचा अहवाल प्रसिद्ध केला आहे. फुकटच हवे असेल, तर प्रोटॉनसारख्या कंपनीची फुकट योजना निदान समजण्यासारखी आहे, कारण तिचा खर्च पैसे भरणाऱ्या ग्राहकांकडून निघतो. ओळख लपवणारा टॉर ब्राउझरही स्वयंसेवकांच्या यंत्रांवर चालतो, पण तो नुसता वापरल्याने तुमचे यंत्र इतरांचा बाहेर पडण्याचा मार्ग बनत नाही. त्यासाठी स्वतः जाणीवपूर्वक रिले (इतरांची वाहतूक पुढे नेणारे यंत्र) उभारावा लागतो. भारतात व्हीपीएन वापरण्यावर सरसकट बंदी नाही. मात्र सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवायच्या आहेत, आणि त्यामुळे काही परदेशी कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले.

घरून कारखान्यातला संगणक पाहण्यासाठीच व्हीपीएन हवे असेल, तर वायरगार्ड हे व्हीपीएनचे तंत्र चालणारा राउटर घेऊन स्वतःचे व्हीपीएन उभारता येते. फक्त त्याआधी केबलवाल्याला विचारून घ्यावे की आपल्याला स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळतो की अनेक ग्राहकांत वाटलेला, कारण वाटलेल्या पत्त्यावर बाहेरून थेट जोडणी होत नाही.

बहिणीच्या घरी सॉफ्टवेअर काढल्यानंतरही चित्रांची ती कटकट आठवडाभर चालू राहिली, कारण पत्त्याची बदनामी यंत्राबरोबर पुसली जात नाही. केबलवाल्याने पत्ता बदलून दिल्यावर ती थांबली. तो जुना पत्ता आता त्याच्या दुसऱ्या कोणत्या ग्राहकाकडे गेला असेल, हे मी त्याला विचारले नाही.