ड्राझेन पेट्रोविच बघायचा तर कुठून सुरुवात करायची

बरेच जण बास्केटबॉलपटू ड्राझेनचं नाव ऐकलं की डायरेक्ट एनबीएचे (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) हायलाइट्स लावतात, तसं करू नका. दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये बॉल जाळीत जाताना दिसतो फक्त, तो तिथे पोचला कसा हे कळतच नाही.

सुरुवात युरोपपासून करा. पोरगा क्रोएशियातल्या शिबेनिकचा, जन्म 1964 चा, शाळेच्या आधी जिममध्ये जाऊन 500 शॉट मारायचा. मग झाग्रेबच्या सिबोना क्लबकडे गेला आणि 1985, 1986 असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकला. या काळातली एक तरी मॅच अख्खी बघा, बॉल सारखा त्याच्याच हातात, ड्रिबल तोच करणार, पास तोच देणार, मनात आलं की मारणारही तोच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नंतर 1989 ची कप विनर्स कपची (युरोपातल्या क्लबांचीच दुसरी स्पर्धा) फायनल, रेआल माद्रिदच्या बास्केटबॉल टीमकडून खेळताना एकट्याचे 62 पॉइंट!! ती पण पूर्णच बघा.

आता पोर्टलंड, त्याची एनबीएतली पहिली टीम. इथे लोक सरळ पुढे ढकलतात, मीही पहिल्यांदा तेच केलं होतं, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. युरोप गाजवून आलेला माणूस आणि पहिल्या सीझनला मॅचमागे जेमतेम 12 मिनिटं, उरलेला वेळ बेंचवर. त्यात थ्री पॉइंटची लाइन (जिच्या बाहेरून बास्केट केलं की तीन पॉइंट) युरोपात 6.25 मीटरवर आणि एनबीएत समोरून 7.24, म्हणजे शॉट जवळजवळ एक मीटर लांबून मारायचा.

जानेवारी 1991 मध्ये ट्रेड होऊन (टीमांमधली खेळाडूंची अदलाबदल) एनबीएच्याच न्यू जर्सी नेट्स टीमकडे आला. इथून व्हिडिओ स्लो करा आणि बॉल सोडून त्याचे पाय बघा. स्क्रीनच्या, म्हणजे डिफेंडरची वाट अडवून उभ्या असलेल्या आपल्याच खेळाडूच्या, आडून सुटतो, बॉल हातात येईपर्यंत पाय सेट, गुडघे वाकलेले, त्यामुळे कॅच केल्या केल्या शॉट सुटतो आणि डिफेंडर पोचतो तोवर उशीर झालेला असतो. सिबोनात बॉल न सोडणारा तोच माणूस इथे बॉलशिवाय पळून पळून शॉट मिळवतोय. 1992-93 ला मॅचमागे 22.3 पॉइंट, थ्रीमध्ये 44.9 टक्के, तरी ऑल-स्टारमध्ये (सीझनच्या निवडक बेस्ट खेळाडूंची मॅच) घेतलं नाही, मला अजून राग येतो याचा.

मधे 1992 ची बार्सिलोना ऑलिंपिकची फायनल पण बघून घ्या, समोर मायकेल जॉर्डनवाली अमेरिकेची ड्रीम टीम, क्रोएशिया हरली पण याचे 24 पॉइंट. त्यानंतर वर्षही झालं नाही आणि 7 जून 1993 ला जर्मनीत कार अपघातात गेला, वय फक्त 28. नेट्सनी त्याचा 3 नंबर कायमचा रिटायर केला.

एवढं बघून झालं की कोर्टवर जा. पास द्यायला कोणीतरी सोबत घ्या, एक जागा ठरवा, ड्रिबल अजिबात नाही, पाय आधी सेट आणि मग कॅच. लागोपाठ दहा वेळा पाय नीट पडेपर्यंत जागा बदलू नका, शॉट चुकला तरी चालेल.